आर्डिसची हलकी काडतुसं

हॉल्वर ब्रेकेला बोलतं करायचे दोनच उपाय होते. एक म्हणजे त्याच्या कॉफीत साखर घालायची, आणि दुसरा म्हणजे त्याच्या शेडमधल्या तराजूवर फुंकर मारायची. पहिल्याला तो नुसतं "हे काय" म्हणायचा. दुसऱ्याला मात्र चांगली चार वाक्यं यायची, आणि त्यातलं शेवटचं असायचं, "दार बाहेरून लाव."

सगळी हयात त्याने स्वीड क्रीकच्या लाकूड गिरणीत काढली, करवतींना धार लावण्यात. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी आठवण म्हणून शिरस्त्राणं, पाट्या, कुणी कुणी तर खुर्च्यासुद्धा घरी नेल्या. हॉल्वरने फक्त सवयी आणल्या. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. एका वेळी एकच काम. आणि मोजमाप चालू असताना रेडिओ बंद, मग त्यावर बेसबॉलचा शेवटचा डाव चालू असला तरी.

परसातल्या त्या शेडमध्ये तो काडतुसं भरायचा. खोऱ्यातले निम्मे शिकारी आपल्या झाडलेल्या पितळी पुंगळ्या त्याच्याकडे आणून टाकत. तो त्या धुवायचा, दाबयंत्रात घालून पुन्हा मापाला आणायचा, बुडाला नवी टिकली बसवायचा, सोनाराच्या काट्यावर तोलावी तशी दारू तोलून घालायचा, आणि तोंडाशी गोळी ठेवून लिव्हर खाली ओढायचा. पैसे घ्यायचा नाही. लोक हकलबेरीचा मुरंबा आणत, धुरावलेला ट्राउट मासा आणत. एकदा एकाने कोंबडा आणला होता, अतिशय शांत आहे असं सांगून. त्या कोंबड्याने हॉल्वरला आठवडाभर स्वतःच्याच शेडमध्ये पाय टाकू दिला नाही.

काडतुसं कशी आहेत असं कुणी विचारलं की हॉल्वर म्हणायचा, "वाईट नाहीत." या खोऱ्यात याच्या वरचं कौतुक नाही. नवी सून, नवा पाद्री, पहिलं नातवंड, सगळ्यांना एवढंच मिळतं. एका बाईने भर चर्चमध्ये जेवण "अप्रतिम" म्हटलं तेव्हा लोक तिच्या तब्येतीची चौकशी करायला लागले होते.

हॉल्वरची बायको आर्डिस. ती जन्मभर शाळेची बस चालवत होती, आणि बस सोडून इतकी वर्षं झाली तरी तिचं बोलणं बसमधून उतरलेलं नव्हतं. "बस." "पुढे बघ." "पट्टा." नवऱ्याशीही ती याच भाषेत संसार करत होती आणि तो सुखाचा होता, कारण हॉल्वर सांगितलं की बसायचा, पुढे बघायचा आणि पट्टा लावायचा.

आर्डिसकडे तिच्या वडिलांची रायफल होती. वडील तरुणपणी अलास्कात कामाला होते. तिथल्या अस्वलांच्या भीतीने त्यांनी ती घेतली: तीनशे पंच्याहत्तरच्या मापाची, हत्तीलाही पुरून उरेल अशी, तिचं काडतूस आर्डिसच्या मधल्या बोटाएवढं. ते वारले तेव्हा थोरली म्हणून बंदूक आर्डिसला आली, आणि धाकटा भाऊ सेल्मर याला पिकअप. पिकअप गंजून मातीला मिळाली. बंदुकीवर अजून गंजाचा ठिपका नव्हता. सेल्मर हा विषय दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला काढायचा. त्याच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात एकच होती: "मी काही बोलत नाही, पण." आणि त्यानंतर तो टर्की थंड होईपर्यंत बोलायचा.

दर शरद ऋतूत, तामरॅकची झाडं पिवळी पडली की आर्डिस ती बंदूक घेऊन एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणांच्या, शिकारीला डोंगरावर जायची. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना ती खांद्यावर थाप मारून सांगायची की बापाची बंदूक, बापाचं काडतूस, आणि खांदा एकदाही कुरकुरला नाही. बायका माना डोलवायच्या. पुरुष आपापल्या कपात बघायचे. त्यातल्या दोघांनी ती बंदूक एकदा झाडून पाहिली होती आणि दुसऱ्यांदा मागितली नव्हती.

खांदा कुरकुरत होता, हे फक्त हॉल्वरला माहीत होतं. एका वर्षी शिकारीनंतर त्याने तिला दोरीवर चादर टाकताना पाहिलं. उजवा हात अर्ध्यावर आला आणि थांबला, मग डाव्या हाताने तिने त्याला उचलून वर नेलं, जसं हट्टी पोराला बसमध्ये चढवावं. त्याने त्या दिवशी नुसतं सुचवलं की काडतूस जरा हलकं भरू या का. आर्डिसने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेने पन्नास पोरांची बस घाटात चिडीचूप होत असे. हॉल्वर तर एकटाच होता.

त्याने पुन्हा विषय काढला नाही. हलकी भरायला लागला, एवढंच.

दारू कमी घातली की धक्का कमी, असं समजणारे महाभाग खोऱ्यात होते. त्यातल्या एकाची बंदूक आता त्याच्या बैठकीत भिंतीवर टांगलेली आहे, नळी फुटलेली, आणि तो पाहुण्यांना ती वीज पडून फुटली असं सांगतो. पुंगळी अर्धी रिकामी राहिली तर काही दारू बिथरतात, काही शहाण्यासारख्या जळतात. कुठली कशी ते पुस्तकात दिलेलं असतं, आणि हॉल्वर ते पुस्तक बायबलपेक्षा जास्त वेळा वाचायचा. शहाणी दारू, तीही पुस्तकात दिलेल्या मापाच्या आतच, आणि वर जरा कमी वजनाची गोळी. दर वर्षी अगदी थोडं कमी, शर्टाचं बटण एकेक घर सरकवावं तसं. कळावं म्हणून अशा काडतुसांच्या बुडाला तो आर्डिसच्याच जुन्या नखरंगाचा लाल ठिपका लावायचा. हे कशाला, असं तिने एकदा विचारलं. दमट हवेसाठी, असं त्याने सांगितलं. नखरंगाने टिकलीला ओल लागत नाही हे खरंच आहे, त्यामुळे त्याला रात्री झोप लागली.

एक भानगड मात्र राहायची. हलक्या काडतुसाची गोळी सावकाश जाते, आणि सावकाश जाणारी लांबवर खाली पडते. म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीची कळ दर वर्षी जराशी फिरवायला हवी. त्यासाठी गुरुवार होता. गुरुवारी आर्डिस गोधड्या शिवायला चर्चमध्ये जायची. तिची गाडी वळली की हॉल्वर बंदूक घोंगडीत गुंडाळून रेतीच्या खाणीवर न्यायचा, चार बार काढायचा, कळ जमवायचा, बंदूक पुसून परत कपाटात. ती येऊन विचारायची, दिवसभर काय केलंस? तो म्हणायचा, "तसं काही नाही." यात लबाडी शोधायला जागाच नव्हती. लग्नाच्या दिवशी काय केलंस असं विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं.

या वर्षी फेब्रुवारीत आर्डिस ओसरीवरच्या बर्फावरून घसरली आणि नेमक्या त्याच खांद्यावर पडली. खांदा उघडून शिवावा लागला. डॉक्टर म्हणाले, आता नाचायला हरकत नाही, पण बंदूक नको. आर्डिस म्हणाली, मी नाचत नाही. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. बंदुकीच्या दस्त्याला रबराची जाड गादी लावा म्हणाले, आणि ती हॉल्वरने तिच्यासमोरच लावून दिली.

पण गोधड्यांना जाणं तिने बंद केलं. तिथे बायका "बिचारी" म्हणायच्या. एकदा ऐकलं, पुन्हा गेली नाही. उन्हाळाभर ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून राहिली, आणि बंदुकीचं कपाट बरोबर तिच्या पाठीशी.

हॉल्वरने या वर्षी काडतुसं मनापासून हलकी भरली होती. बटण एक घर नाही, चांगली तीन-चार घरं. ती वापरून बघायची तर बंदूक हवी, आणि बंदूक काढायची तर आर्डिस हलायला हवी. एकदा त्याने धीर करून विचारलं की नव्या गादीने बंदूक कशी बसते ते जरा बघून येऊ का. ती म्हणाली, "मी बघेन. रविवारी. सगळ्यांसमोर." शेवटी त्याने अंदाज केला. गोळी चार बोटं खाली जाईल, ताटली चांगली मोठी असते, भागून जाईल. गिरणीत त्याने अंदाजाने एकाही करवतीला कधी धार लावली नव्हती.

शिकारीच्या आधीच्या रविवारी सगळा तळ, म्हणजे डोंगरावर एकत्र तंबू ठोकणारी सगळी मंडळी, रेतीच्या खाणीवर जमतो, ही इथली जुनी रीत. काठीवर कागदाची ताटली ठोकायची. प्रत्येकाने आपल्या बंदुकीने तीन बार काढायचे, तिन्ही ताटलीत हवेत. ज्याचे जाणार नाहीत त्याने डोंगरावर बंदूक न्यायची नाही. त्याच्या हातात उलथणं दिलं जातं, आणि बाकीचे शिकारीला गेले की त्याने तंबूत पॅनकेक भाजायचे. कुणाला जखमी जनावर रानात सोडायची वेळ येऊ नये म्हणून म्हाताऱ्यांनी हे ठरवलं होतं. तळाचा मुख्य सेल्मर. उलथणं त्याच्या पट्ट्यातच खोचलेलं असतं.

सेल्मर ताटलीत मारून मोकळा झाला. त्याचा जावई कॉर्बिन याने आपल्या नव्या कोऱ्या मॅग्नम रायफलने दोन आत आणि एक अगदी काठावर मारली, आणि खरं सांगायचं तर वारा होता, असं सांगितलं. वारा नव्हता. कॉर्बिन "खरं सांगायचं तर" म्हणाला की बायकोसुद्धा दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करायची.

मग आर्डिस बसली. सगळ्यांच्या कानांवर ते कान झाकायचे डबे होते. पहिला बार. ताटलीच्या खाली, मागच्या बांधावर धूळ उडाली. दुसरा. तिथेच धूळ. तिसऱ्याला तिने जास्तच वेळ घेतला. पुन्हा धूळ.

"मी काही बोलत नाही," सेल्मर म्हणाला, "पण जमीन मेली."

कुणी हसलं नाही. त्यानंतर सगळ्यांनी मिळून निदान केलं, आणि ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. माणूस धक्क्याला घाबरला की चाप ओढायच्या क्षणी दचकतो, नळी खाली जाते, गोळी खाली जाते. शिवलेला खांदा. दचकणारच. कॉर्बिनने समजावलं की खरं सांगायचं तर, आत्या, डोकं विसरतं पण शरीर विसरत नाही.

आर्डिसने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग सेल्मरपुढे हात केला. "दे ते."

सेल्मरलाही जड गेलं असावं, कारण त्याने ते उलथणं आधी आपल्या पँटला पुसलं. आर्डिसने ते घेतलं आणि कॉर्बिनला म्हणाली की बुधवारी येऊन बंदूक घेऊन जा, नुसती कपाटात ठेवलेली बंदूक सडते, बापाला ते आवडलं नसतं.

हॉल्वर तिच्या बाजूलाच उभा होता. त्याने तिन्ही वेळा तिचा चेहरा पाहिला होता. पापणी हलली नव्हती. बोट सुईत दोरा ओवावा तसं आलं होतं. संपूर्ण खाणीवर हे एकट्या हॉल्वरला माहीत होतं, आणि त्याच्या हातात डोनट होता, आणि त्याने तोंड उघडलं ते तो डोनट खायला.

सोमवारी आर्डिसने बंदुकीला तेल दिलं आणि ती जुन्या उशीच्या अभ्र्यात घातली. नंतर सराव म्हणून पॅनकेक भाजले. पहिला जमिनीवर पडला, दुसरा शेगडीच्या मागे गेला आणि बहुधा अजून तिथेच आहे. हॉल्वरपुढे तिने तिसरा ठेवला. त्याला तो गिळेना, आणि त्यात दोष पॅनकेकचा फक्त अर्धाच होता. त्याने सुचवून पाहिलं की त्या पेटीतली दारूच खराब असेल, दुसऱ्या पेटीतली मारून बघ. आर्डिस म्हणाली, "स्वतः चुकायचं आणि दारूला नावं ठेवायची, हे सेल्मरने करावं."

मंगळवारी दुपारी त्याने तिला शेडमध्ये बोलावलं. एवढ्या वर्षांत त्याने तिला तिथे कधी बोलावलं नव्हतं. ती ओले हात पुसत आली आणि दारातच थांबली. हॉल्वरने बाकावर दोन काडतुसं शेजारी शेजारी उभी केली होती.

"हे तुझ्या वडिलांचं," तो म्हणाला. "हे तुझं."

तिने एकेका तळव्यावर एकेक घेतलं. बाजारात कांदे तोलावेत तसे हात वरखाली केले. मग उलटं करून बूड पाहिलं.

"दमट हवेसाठी," ती म्हणाली.

"दमट हवेलाही चालतं ते."

"कधीपासून?"

हॉल्वरने छताकडे पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. "डॅग्नीच्या लग्नाच्या वर्षापासून."

डॅग्नी म्हणजे सेल्मरची मुलगी, कॉर्बिनची बायको. तिची मोठी मुलगी आता शाळेत जात होती. आर्डिस मनात मागे मागे जात होती ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "ओसरीवर टांगलेली शिंगं?"

"त्यात आली."

"आणि ओढ्याकाठचा तो म्हातारा नर? तळघरात मी ज्याची गोष्ट सांगते?"

"तोही."

"गोष्ट मी उभी राहून सांगते, हॉल्वर. खांद्यावर हात मारून."

"एल्कने तक्रार केली नाही," हॉल्वर म्हणाला. लगेच त्याला वाटलं की हे नको होतं, आणि तो घाईघाईने बाकीचं बोलून गेला. एका दमात इतकं तो यापूर्वी फक्त एकदा बोलला होता, गिरणीत आग लागली तेव्हा. रविवारी ती दचकली नव्हती. नेम बरोबर होता. या वर्षीची फारच हलकी होती म्हणून गोळी खाली गेली. दुर्बिणीची कळ दर वर्षी तो गुपचूप फिरवायचा, ती या वर्षी राहिली, कारण आर्डिस घरातून हललीच नाही.

"म्हणजे चूक माझी."

"तसं काही नाही."

हलकी काडतुसं आर्डिसला झोंबली होतीच, पण ती जे म्हणाली ते वेगळंच होतं. "ते सगळे मला घाबरट ठरवत होते. तुला माहीत होतं. आणि तू डोनट खात होतास."

हॉल्वर म्हणाला, "अर्धाच खाल्ला."

तिने दोन्ही काडतुसं एप्रनच्या खिशात टाकली आणि घरात गेली. थोड्या वेळाने तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. सेल्मरला आणि कॉर्बिनला ती सांगत होती की उद्या घरी नको, खाणीवर या. नंतर जेवताना तिने एवढंच म्हटलं, "मीठ." हॉल्वरने ते इतक्या तत्परतेने दिलं की बरणी कलंडली.

बुधवारी खाणीवर ऊन पडलं होतं. आर्डिसने भावाला आणि जावयाला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आडपडदा न ठेवता: गेली कित्येक वर्षं ती हलकी काडतुसं मारत आली, तिला ठाऊक नव्हतं, नवऱ्याने गुपचूप भरली. सेल्मरच्या चेहऱ्यावर पुढच्या वीस थँक्सगिव्हिंगची बेगमी झाल्याचा आनंद पसरला. पण आर्डिसचं झालं नव्हतं. तिने खिशातून बापाचं काडतूस काढलं, बंदुकीत घातलं आणि बंदूक हॉल्वरपुढे धरली.

"मला कशापासून वाचवलंस ते बघू तरी."

हॉल्वरची स्वतःची बंदूक हरणांपुरती, छोटी. तो बसला. पट्टा नव्हता, नाहीतर त्याने तोही लावला असता. ताटलीवर नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला.

टोपी मागे पडली. चष्मा कपाळावर चढला. हॉल्वर बाकावरून पडला नाही, पण बाकासकट वीतभर मागे सरकला, आणि त्याच्या तोंडून जो शब्द निघाला तो नॉर्वेजियन होता. तो त्याने लहानपणी आजोबांकडून, ते घोड्याच्या खुरात खिळा ठोकत असताना ऐकला होता. गोळी ताटलीत नव्हती, काठीत नव्हती, बांधातही होती की नाही कुणी सांगू शकलं नाही. आणि आर्डिस हसायला लागली. खांदा धरून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. फेब्रुवारीपासून ती अशी हसली नव्हती.

"वडील रोज हे सोसत होते," ती डोळे पुसत म्हणाली, "म्हणूनच तिरसट होते." मग तिने बंदूक सेल्मरपुढे केली. "घे. तुला हवी होती ना."

सेल्मरने बंदुकीकडे पाहिलं. हॉल्वरकडे पाहिलं. तो अजून जबडा चाचपत होता. "मी काही बोलत नाही," सेल्मर म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढे खरंच काही बोलला नाही. कॉर्बिनला तर कुणी विचारलंही नव्हतं, तरी तो तीन पावलं मागे गेला होता.

हॉल्वरने दुर्बिणीची कळ फिरवली. आर्डिसने लाल ठिपक्याचं एक काडतूस झाडलं, त्याने आणखी थोडी फिरवली. मग तिने तीन झाडली. ताटलीच्या मध्यभागी तीन भोकं पडली, इतकी जवळ की वरून कॉफीचा कप ठेवला असता तर झाकली गेली असती.

सेल्मरला नियमाची आठवण झाली. रविवार म्हणजे रविवार, असं त्याचं म्हणणं. नाहीतर उद्या प्रत्येक जण मंगळवार-बुधवार धरून बसेल. आर्डिसने त्याला शांतपणे विचारलं की रविवारी चुकलं कोण? नेम तिचा बरोबर होता. चुकला तो भरणारा. नियम म्हणतो चुकेल त्याने भाजावं. आणि हा चुकणारा आजही चुकला, तुझ्याच डोळ्यांसमोर. तिने गाडीतून उलथणं आणलं आणि हॉल्वरच्या हातात दिलं.

सेल्मरने विचार केला. आर्डिसच्या पॅनकेकची बातमी त्याच्यापर्यंत पोचली असावी. "चालेल," तो म्हणाला.

हॉल्वर मात्र त्या दिवशी स्वतःहून एक वाक्य बोलला. ही गोळी लांबची नाही, तो म्हणाला, चर्चच्या मैदानाच्या या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, त्याच्या पलीकडचं जनावर जाऊ द्यायचं. आर्डिस म्हणाली की त्याहून लांबवर तिने जन्मात मारलेली नाही. लांबून मारतात ते, ज्यांना चालायचा कंटाळा असतो. कॉर्बिनने आपल्या बुटांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आर्डिस गोधड्यांना गेली. सेल्मरच्या आधी तिला पोचायचं होतं. तळघरात उभी राहून तिने सगळ्यांना सांगितलं की ओढ्याकाठचा म्हातारा नर हलक्या काडतुसाने पडला होता, आणि पुढचेही त्यानेच पडतील. बिचारी म्हणायला कुणाला जागा राहिली नाही. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, हॉल्वर आमच्यासाठी भरेल का.

त्याच दुपारी कॉर्बिन शेडमध्ये आला. दार आतून लावून घेतलं. खरं सांगायचं तर, काका, डॅग्नी यंदा शिकारीचं मनावर घेते आहे, तिच्यासाठी माझ्या मॅग्नमची थोडी हलकी भरून मिळतील का. डॅग्नीला बोट कापलं तरी भोवळ येते हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. हॉल्वरने चष्मा पुसला.

"तिचा खांदा साधारण तुझ्याएवढा आहे का?"

"साधारण," कॉर्बिन म्हणाला.

शुक्रवारी सेल्मर आला. रिकाम्या पुंगळ्यांनी भरलेला कॉफीचा डबा त्याने बाकावर ठेवला, खिडकीबाहेर बघत थोडा वेळ उभा राहिला, आणि निघून गेला. डब्यात वरच हकलबेरीच्या मुरंब्याची बाटली होती. आर्डिस कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली होती. आता ती तिथे बसायची. रेडिओ बंद ठेवायची, तराजूपासून तोंड लांब ठेवायची, आणि आपल्या पेटीवर जाड पेनाने तिने स्वतः लिहिलं होतं: आर्डिस. हलकी.

डोंगरावर पहिल्या दिवशी पातळ बर्फ पडलं. सगळे उजाडताना निघून गेले. हॉल्वर तंबूत शेगडीशी. पॅनकेकचं त्याने करवतीसारखंच केलं होतं: पीठ तोललं, दूध तोललं, तवा किती तापतो ते पाण्याच्या थेंबाने बघितलं. सेल्मर बूट भिजले म्हणून लवकर परत आला होता आणि सहावा पॅनकेक खात होता, त्या अर्थी ते वाईट नसावेत.

तेवढ्यात वरच्या कड्याकडून आवाज आला. ठो नाही. कुणी तळघराचं जड दार लोटावं तसा, बसका.

सेल्मरने मान वर केली. इथे जुनी माणसं म्हणतात, एक आवाज म्हणजे मांस, दोन म्हणजे बघू, तीन म्हणजे घेवड्याचा डबा उघडा. दोघेही दुसऱ्या आवाजाची वाट बघत बसले. तव्यावरचा पॅनकेक काठाला तपकिरी झाला, मग काळा झाला. हॉल्वरने तो उलटला नाही. जखमी जनावर, खाली उतरलेली गोळी, पुन्हा चुकलेला अंदाज, सगळं त्या धुराबरोबर त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. दुसरा आवाज आला नाही.

"आपल्या तळावरची बंदूक वाटत नाही," सेल्मर म्हणाला.

"आपलीच आहे," हॉल्वर म्हणाला.

आर्डिस दुपारी उतरून आली. कोपरापर्यंत रक्त, गालावर एक रेघ, बंदूक डाव्या खांद्याला. आली ती शेगडीजवळच्या ओंडक्यावर बसली. मोठी मादी आहे, घोडे न्यावे लागतील, ती म्हणाली, तू सांगितलेल्या कुंपणांच्या अर्ध्याच अंतरावर होती, आवाज झाल्यावरसुद्धा कळपातल्या बाकीच्या वर मान करून बघत राहिल्या. सेल्मर घोड्यांना बघायला उठला. हॉल्वरने तिला कॉफी दिली, बिनसाखरेची, आणि ती अर्धी पिऊन होईपर्यंत कळ काढली.

"दुखतोय का?"

"खांदा?" तिने तो गोल फिरवून पाहिला. हात पुरा वर गेला नाही, पण डाव्याची मदतही लागली नाही. "खांदा नाही. गुडघे." तिने पाय शेगडीकडे लांब केले आणि त्याच्या ताटातला पॅनकेक उचलला. "गुडघ्यांसाठी काही भरता येतं का बघ."

हॉल्वर म्हणाला, पुस्तकात बघतो.